जनुकांची साक्ष आणि विहिरीच्या पाण्याची मर्यादा

उल्हास नदी सह्याद्रीवरून उतरून कर्जत, नेरळ व बदलापूर या मार्गानें कल्याणकडे जाते. अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरांतून निघालेली वालधुनी ही लहानशी नदी शिलाहारांच्या काळच्या शिवमंदिराजवळून व पुढें उल्हासनगरच्या वस्तींतून वाहत येऊन कल्याणजवळ तिला मिळते. या दोन प्रवाहांच्या कांठीं पावसाळ्यांत भात, त्यामागून वाल व हरभरा, आणि जेथें पाण्याची सोय असेल तेथें भाजीपाला, हा शेतीचा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें अंबरनाथ व बदलापूर येथें औद्योगिक वसाहती निघून रंग, औषधें व नानाविध रसायनें तयार करणारे कारखाने उभे राहिले. लोकांस काम मिळालें, भाजीपाल्यास व दुधास दाराशीं गिऱ्हाईक आलें. परंतु त्याचबरोबर नदीच्या पाण्यांत पूर्वीं कधीं नव्हते असे पदार्थ उतरूं लागले.

या पाण्यापासून होणारा अपाय दोन प्रकारचा आहे. पहिला डोळ्यांदेखत होणारा. २९ नोव्हेंबर २०१४ रोजीं वालधुनीच्या पात्रांत बेकायदा ओतलेल्या रसायनामुळें विषारी वायु पसरला आणि उल्हासनगरांतील शेंकडों माणसांस दवाखान्यांत न्यावें लागलें. अशा प्रसंगीं कोणी पुरावा मागत नाहीं. डोळे, श्वास व छाती हींच साक्ष देतात. दुसरा अपाय मंद व मुका असतो. विहिरीच्या पाण्यांत एखादें रसायन अत्यल्प प्रमाणांत उतरतें, तें रोज पोटांत जातें, गुरें तेंच पितात, मेथी व पालक त्यावरच वाढतात. दहा वर्षांनीं यकृत बिघडलें किंवा मूत्रपिंड निकामी झालें तर त्याचें खापर कशावर फोडावें हें कोणासच सांगतां येत नाहीं. वनशक्ति या संस्थेनें या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली व २०१५ सालीं लवादानें दंडाचा निकालही दिला. तथापि अमुक रसायन अमुक प्रमाणांत असल्यास धोका आहे कीं नाहीं, हा प्रश्न न्यायालयाच्याही आधीं प्रयोगशाळेंत सुटावा लागतो. तो सोडविण्याची एक नवी रीत अलीकडे पुढें आली आहे. ती कशी चालते व तिच्यांत आंकड्यांच्या हाताळणीमुळें निकाल कसा पालटूं शकतो, याची माहिती जमीन कसणाऱ्या प्रत्येकास असावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मर्यादा कशी ठरवितात

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणें पिण्याच्या पाण्यांत शिसें दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षां व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. अशा मर्यादा निरनिराळ्या पुराव्यांवरून ठरतात; पण ज्या रसायनांविषयीं माणसांवरील अनुभव फारसा नाहीं, त्यांच्याकरितां फार वर्षांपासून एकच वहिवाट आहे. उंदरांच्या निरनिराळ्या गटांस रसायनाच्या चढत्या मात्रा नव्वद दिवस किंवा दोन वर्षेंपर्यंत देतात. नंतर त्यांचीं इंद्रियें तपासून ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाहीं ती मात्रा घेतात व तिला शंभरानें भागतात. उंदीर व माणूस यांतील फरकासाठीं दहा, आणि माणसामाणसांतील फरकासाठीं दहा, असा हा हिशेब सामान्यतः मांडला जातो. शंभरपट अंतर राखण्याची ही कल्पना अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यांतील लेहमन व फिट्झह्यू या शास्त्रज्ञांनीं १९५४ सालीं मांडली. १९८४ सालीं क्रंप यांनीं तींत सुधारणा सुचविली. नुसती एक मात्रा निवडण्याऐवजीं सर्व मात्रांवरील परिणामांमधून एक वक्ररेषा काढावी व परिणाम ठराविक प्रमाणांत वाढतो ती मात्रा रेषेवरून वाचावी, असें त्यांचें म्हणणें होतें. तिला आपण आधारमात्रा म्हणूं.

ही पद्धति भरवंशाची खरी, पण अतिशय सावकाश चालणारी व खर्चाची आहे. बाजारांत हजारों रसायनें असून त्यांपैकीं फार थोड्यांचीच अशी दीर्घ परीक्षा झालेली आहे. उरलेल्यांची मर्यादा ठरलेली नाहीं, आणि ज्या पदार्थाची मर्यादाच नाहीं तो पाण्यांत सांपडला तरी अधिकाऱ्यास बोट ठेवण्यास जागा सांपडत नाहीं.

जनुकें बोलतात म्हणजे काय

प्राण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशींत त्या प्राण्याचीं सर्व जनुकें असतात. उंदरांत व माणसांत हीं सुमारें वीस हजार किंवा त्याहून थोडीं अधिक भरतात. परंतु सर्व जनुकें एकाच वेळीं कामास लागत नाहींत. कोठारांत सर्व वाणांचें बीं असलें तरी हंगाम पाहून शेतकरी त्यांतील कांहींच बाहेर काढतो, तसाच हा प्रकार आहे. जें जनुक कामास लागतें त्याची आज्ञापत्रें पेशींत तयार होतात. त्यांस आरएनए म्हणतात. कोणत्या जनुकाचीं आज्ञापत्रें किती निघालीं हें मोजलें म्हणजे पेशी त्या क्षणीं काय करीत आहे हें कळतें. यालाच जनुकांची अभिव्यक्ति असें नांव आहे. शरीरांत विष शिरलें कीं यकृताचीं जनुकें कांहीं तासांतच आपलें काम बदलतात. यकृत सुजलेलें दिसण्यास मात्र त्याहून अधिक काळ लागतो.

यावरून कल्पना निघाली ती अशी कीं, दोन वर्षें वाट पाहण्याऐवजीं उंदरांस थोडे दिवस रसायन देऊन जनुकें कोणत्या मात्रेस हालूं लागतात तें पाहावें. रसेल थॉमस व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं ब्रोमोबेंझीन आदिकरून सहा रसायनें उंदरांस पांच दिवस, दोन आठवडे, चार आठवडे व तेरा आठवडे अशा मुदतींनीं देऊन तुलना प्रसिद्ध केली. जनुकांच्या सर्वांत संवेदनशील समूहावरून काढलेली आधारमात्रा आणि इंद्रियांच्या अपायावरून काढलेली आधारमात्रा यांत बराच मेळ आढळला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें २०२४ सालीं पांच दिवसांच्या अशा प्रयोगावरून मर्यादा सुचविण्याची रीतसर पद्धतच प्रसिद्ध केली. तींत अमुक रोग होईल असें म्हटलेलें नसतें. या मात्रेच्या खालीं जनुकांच्या समूहांत संघटित हालचाल दिसत नाहीं, म्हणून अपायही होऊं नये, एवढाच दावा असतो.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण पुढें आहे. यंत्रांतून जे आंकडे निघतात ते खळ्यावरच्या राशीसारखे असतात. त्यांत दाणा असतो, भूस असतें आणि मातीही असते. ती रास पाखडून दाणा वेगळा करण्याच्या कृतीस आंकड्यांचें संस्करण म्हणतात, आणि सूप कोणाच्या हातांत आहे व तो कसा पाखडतो यावर शेवटचें माप अवलंबून राहतें.

संस्करणाच्या चार पायऱ्या

पहिली पायरी मापें सारखीं करण्याची. यंत्र प्रत्येक नमुन्यांतून जवळजवळ ठराविक संख्येनें आज्ञापत्रें वाचतें. समजा, निरोगी उंदराच्या नमुन्यांत एकंदर १०० लाख वाचनें असून त्यांपैकीं एका जनुकाचीं १० लाख व बाकी सर्वांचीं मिळून ९० लाख आहेत. विषामुळें तें एकच जनुक सहापट बोलूं लागलें व बाकीच्यांत कांहींही फरक झाला नाहीं, तर एकूण १०० लाखांत त्याचा वांटा ४० लाख होतो व इतरांस ६० लाखच उरतात. नुसत्या एकूण बेरजेनें माप सारखें केलें तर बाकीचीं सर्व जनुकें तृतीयांशानें दबलीं असा खोटा निष्कर्ष निघतो. हा दोष टाळणारी रीत रॉबिन्सन व ओश्लॅक यांनीं २०१० सालीं मांडली. ती वापरली आहे कीं नाहीं हें पाहणें अगत्याचें असतें.

दुसरी पायरी घाण्यांच्या फरकाची. एका दिवशीं काढलेल्या तेलाचा घाणा दुसऱ्या दिवसाच्या घाण्याशीं तंतोतंत जुळत नाहीं. प्रयोगशाळेंतही एका दिवशीं तपासलेले नमुने दुसऱ्या दिवसाच्या नमुन्यांहून किंचित् वेगळे निघतात. विष न दिलेले सर्व उंदीर सोमवारीं व विष दिलेले सर्व गुरुवारीं तपासले तर दिसणारा फरक विषाचा कीं वाराचा, हें पुढें कितीही गणित केलें तरी सांगतां येत नाहीं. शेतकऱ्यास ही गोष्ट नवी नाहीं. खताचा प्रयोग करतांना खत घातलेले सर्व वाफे पाटाजवळ व न घातलेले सर्व माळाच्या बाजूस ठेवले तर प्रयोग फुकट जातो. म्हणूनच इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत फिशर यांनीं १९१९ नंतर वाफ्यांची वांटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें करण्याचें शास्त्र उभें केलें. आपल्या देशांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पीक-कापणीच्या अंदाजास हेंच शास्त्र लावलें, व पानसे आणि सुखात्मे यांचा शेतकी कार्यकर्त्यांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. जें शास्त्र शेतांत जन्मलें तेंच आज विषाच्या परीक्षेंत लागतें.

तिसरी पायरी चाळणीची. एका जनुकांतील फरक केवळ योगायोगानें दिसण्याचा संभव शेंकडा पांच मानला, तर वीस हजार जनुकें तपासतांना विषाचा कांहींही परिणाम नसला तरी सुमारें एक हजार जनुकें बदललेलीं दिसतील. यास आळा घालण्याची एक रीत बेंजामिनी व हॉचबर्ग यांनीं १९९५ सालीं दिली. दुसरी रीत अशी कीं, दीडपट किंवा दुप्पट याहून अधिक बदल झाला तरच जनुक मोजावें. चाळणी बारीक असेल तर खरा पण लहान बदल निसटून जातो व मर्यादा सैल होते. ती मोठ्या भोंकांची असेल तर योगायोगाचें भूस दाण्यांत येतें, अगदीं लहान मात्रेसही परिणाम झाल्याचा भास होतो व मर्यादा अकारण कडक होते.

चौथी पायरी वक्ररेषा काढण्याची व जनुकांचे समूह पाडण्याची. कोणत्या आकाराची रेषा बसवावी, एका समूहांत निदान किती जनुकें हाललेलीं असावींत, आणि समूहाची मात्रा मध्यम जनुकावरून घ्यावी कीं सर्वांत संवेदनशील जनुकावरून, या प्रत्येक निवडीनें आधारमात्रा वर किंवा खालीं सरकते.

एकाच राशीचीं दोन मापें

हा फरक कागदापुरता राहत नाहीं. उदाहरणादाखल एक कल्पित हिशेब पाहूं. एकाच प्रयोगाच्या आंकड्यांवरून एका संस्करणानें आधारमात्रा दर किलो वजनास रोज ३ मिलिग्रॅम निघाली व दुसऱ्यानें ०.६ मिलिग्रॅम निघाली. दोन्हींस शंभरानें भागूं; प्रत्यक्षांत अल्प मुदतीच्या प्रयोगास याहून मोठा भाजक लावतात. माणसाचें वजन ६० किलो, रोजचें पाणी २ लिटर, आणि एकूण सेवनांतील पांचवा हिस्सा पाण्यावाटे, असें धरलें तर पहिल्या हिशेबानें पाण्याची मर्यादा दर लिटरला ०.१८ मिलिग्रॅम येते व दुसऱ्यानें ०.०३६ मिलिग्रॅम. आतां एखाद्या विहिरींत तें रसायन ०.१ मिलिग्रॅम सांपडलें तर पहिल्या हिशेबानें विहीर निर्दोष ठरते, दुसऱ्यानें ती बंद करावी लागते. उंदीर तेच, रसायन तेंच, पाणीही तेंच. बदलली ती केवळ पाखडण्याची रीत.

शेतकऱ्यास याचा दाखला पैसेवारींत मिळतो. पैसेवारी पन्नासाच्या वर लागली कीं खालीं, यावर गांवास सवलती मिळणें न मिळणें ठरतें. पीक तेंच असतें, पण कापणीचे तुकडे कोठें निवडले व हिशेब कसा मांडला यावर आंकडा फिरतो. म्हणूनच पैसेवारीच्या वेळीं आपण हजर राहण्याचा आग्रह धरतों.

याविषयींचा खरा पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याच्या पुढाकारानें झालेल्या एका मोठ्या तुलनेचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. तेच आरएनए नमुने अनेक प्रयोगशाळांत निरनिराळ्या यंत्रांवर तपासण्यांत आले. त्याच कार्यांत उंदरांस वनस्पतिजन्य विषें देऊनही परीक्षा झाली. त्यांत ईश्वरमुळीच्या कुळांतील वनस्पतींत सांपडणारें अरिस्टोलोकिक आम्लही होतें. बदलाच्या मोठेपणावरून जनुकें निवडलीं व योगायोगाची कसोटी सौम्य ठेवली तेव्हां प्रयोगशाळांच्या याद्या चांगल्या जुळल्या. केवळ कडक संभाव्यतेच्या कसोटीनें निवडल्या तेव्हां त्या पुष्कळ कमी जुळल्या. म्हणजे वादाचें मूळ बरेंच अंशीं यंत्रांत नसून चाळणींत होतें.

सुधारणेची दिशा

यावरून ही नवी पद्धति टाकाऊ आहे असें कोणीं समजूं नये. दोन वर्षांच्या जुन्या प्रयोगांतही तपासणाऱ्याच्या मतास वाव होताच. फरक एवढाच कीं तेथें निवडी थोड्या होत्या व येथें पुष्कळ आहेत. उपाय म्हणजे निवडी आधीं ठरवून जाहीर करणें. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानें २०१८ सालीं पायऱ्यांचा एक ठराविक क्रम प्रसिद्ध केला. २०२२ सालीं संशोधकांच्या एका मंडळानें सरकारी निर्णयांसाठीं संस्करणाची एक सामायिक चौकट मांडली. आर्थिक सहकार व विकास संघटनेनें २०२३ सालीं प्रयोगाचा अहवाल कसा लिहावा याचा नमुना दिला. त्यांत नमुना गोळा करण्यापासून शेवटच्या गणितापर्यंत प्रत्येक पायरीची नोंद मागितली आहे. ही नोंद असली म्हणजे दुसरा जाणकार तोच हिशेब पुन्हा करून पाहूं शकतो. आणि जो हिशेब पुन्हा करतां येत नाहीं त्यावर गांवाचें पाणी सोंपवूं नये, हें सांगण्यास विद्वत्तेची गरज नाहीं.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. जनुक हाललें म्हणजे अपाय झालाच असें नाहीं. यकृत जड अन्न पचवितांनाही आपलें काम बदलतें. उलट पांच दिवसांच्या प्रयोगांत गर्भावरील किंवा लहान मुलांवरील सर्व परिणाम दिसतील असेंही नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे प्रयोगांत बहुधा एकच रसायन असतें, आणि वालधुनीच्या पाण्यांत मात्र अनेक रसायनांचें मिश्रण असतें.

आपल्या खोऱ्यापुरतें पाहतां

आपल्याकडे नदीनाल्यांत सोडण्याच्या कारखानी सांडपाण्याची सर्वसाधारण कसोटी आम्लता ५.५ ते ९, जैविक प्राणवायूची गरज दर लिटरला ३० मिलिग्रॅम व रासायनिक प्राणवायूची गरज २५० मिलिग्रॅम अशी आहे. या आंकड्यांवरून पाणी किती घाण आहे हें कळतें, पण घाण कशाची आहे हें कळत नाहीं. त्याच नियमांत सांडपाण्यांत ९६ तास ठेवलेल्या माशांपैकीं शेंकडा नव्वद जगावे अशी एक कसोटी आहे. ती जिवंत प्राण्याची साक्ष घेणारी असल्यामुळें मोलाची आहे. परंतु मासा जगला म्हणजे त्याचें यकृत शाबूत आहे असें नाहीं. मिश्रित पाण्यावर पेशी वाढवून त्यांच्या जनुकांची साक्ष घेण्याची रीत येथें उपयोगी पडेल. अट एकच कीं, चाळणी कोणती वापरली हें आधीं लिहून ठेवावें.

तोंपर्यंत शेतकऱ्यानें स्वस्थ बसावें असें नाहीं. पुढील गोष्टी प्रत्येक गांवच्या शेतकी मंडळास करतां येण्यासारख्या आहेत.

पहिली, वर्षांतून दोनदां, उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळा संपल्यावर, त्याच विहिरींचें पाणी तपासावें. एका वेळचा आंकडा म्हणजे एका दाण्यावरून राशीची परीक्षा होय.

दुसरी, नमुना प्रयोगशाळेनें दिलेल्या बाटलींतच घ्यावा. तारीख, वेळ, विहिरींतील पाण्याची खोली व आदल्या दिवसाचा पाऊस लिहून ठेवावा. नदीजवळच्या विहिरींबरोबर नदीपासून दूरच्या निदान एका विहिरीचें पाणीही त्याच दिवशीं द्यावें. तुलनेवांचून आंकडा मुका असतो.

तिसरी, दाखल्यावर "योग्य" किंवा "अयोग्य" एवढा शब्द घेऊन परत येऊं नये. प्रत्येक पदार्थाचें नांव, मोजलेलें प्रमाण आणि यंत्रास कमींत कमी किती दिसूं शकतें, या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्या. "सांपडलें नाहीं" याचा अर्थ पुष्कळदां "आमच्या यंत्रास दिसलें नाहीं" एवढाच असतो.

चौथी, एखादी मर्यादा जनुकांच्या प्रयोगावरून ठरली आहे असें कोणीं सांगितलें तर चार प्रश्न विचारावे. मापें कशीं सारखीं केलीं? नमुने कोणत्या क्रमानें तपासले? चाळणी कोणती लावली व ती प्रयोगाआधीं ठरली होती काय? मूळ आंकडे पाहावयास मिळतील काय? शेवटच्या प्रश्नास "नाहीं" असें उत्तर आलें तर पहिल्या तिहींच्या उत्तरांस फारशी किंमत राहत नाहीं.

हे प्रश्न विचारण्यांत कारखान्यांशीं वैर नाहीं. मर्यादा अकारण कडक झाली तर पहिला फटका शेतकऱ्याच्याच भाजीस बसेल, कारण बाजार विषारी ठरलेल्या खोऱ्यांतील मेथीची जुडी घेणार नाहीं. ती अकारण सैल झाली तर फटका त्याच्या मुलाबाळांच्या शरीरास बसेल. दोन्ही बाजूंनीं नुकसान त्याचेंच असल्यामुळें मर्यादा खरी असावी यांत त्याच्याइतका हितसंबंध दुसऱ्या कोणाचाही नाहीं. धान्य विकतांना आपण व्यापाऱ्याच्या तराजूची दांडी पाहून घेतों. आपल्या विहिरीचें पाणी ज्या तराजूंत तोललें जातें त्याचीही दांडी तशीच पाहून घ्यावी. त्यासाठीं जनुकशास्त्राचें पांडित्य लागत नाहीं. नेमका प्रश्न विचारण्याची व लेखी उत्तर मिळेपर्यंत न उठण्याची संवय तेवढी लागते.